विटांच्या बोटीवरचे पर्च

ऑर्व्हिल लांपेररचं नाव काढलं की आजही मेल्विना जोसार हातातला चाकू खाली ठेवते. भलतंच काही होऊन बसायला नको म्हणून ठेवते, असं ती स्वतःच सांगते, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेऊ नका. त्या हिवाळ्यात त्या माणसानं तिचं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या जागी मी असतो तर चाकू खाली ठेवला असता की नाही, सांगता येत नाही.

मेल्विना आमच्या गावाचे पर्च साफ करते. सरोवराची खाडी गोठली की गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष, आणि धडधाकट नसलेलाही, बर्फावर खोपट टाकून भोकात गळ सोडून बसतो. पिवळ्या अंगाचा, हिरव्या पट्ट्यांचा, जेमतेम वीतभर मासा. पकडायला मजा, खायला त्याहून मजा, आणि साफ करायचं म्हणजे जीव नकोसा. पाठीवरचे काटे असे की नुसता हात लागला तरी रक्त. खवले असे चिवट की नवऱ्यानं स्वयंपाकघरात मासे सोलले तर आठवडाभर ते बायकोला साखरेच्या डब्यात सापडतात. म्हणून सगळ्या बादल्या मेल्विनाच्या शेडवर येतात.

शेड म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याचं गॅरेज. आत जस्ताचा पत्रा ठोकलेलं लांब टेबल, रॉकेलची शेगडी, पोल्का नाचाची गाणी वाजवणारा रेडिओ. बाटल्यांची बुचं लाकडी दांडीवर ठोकून केलेली खवले काढायची खरवडणी तिच्या आईची. ती शेपटीकडून डोक्याकडे दोनदा फिरली की मासा गुळगुळीत. मग डोकं उडवायचं, पोट फाडायचं, आतडी कोंबड्यांच्या डब्यात, आणि मासा पुस्तकासारखा उघडून वर्तमानपत्रावर. बघणाऱ्याला वाटावं, मासा आपणहून उघडतोय.

आता पोट फाडलं की आत काय आहे ते दिसणारच. खोल चिखलावरच्या पर्चच्या पोटात लाल किडे असतात, गवतातल्याच्या पोटात बारकी मासळी, दगडांवरच्याच्या पोटात खेकड्यासारख्या झिंग्यांचे तुकडे. कोण कुठे गळ टाकून बसतो हे मेल्विनाला टेबलावर उभ्या उभ्या कळतं. आणि आमच्याकडे ही केवढी गोष्ट आहे ते समजून घ्या. इथला माणूस फादरसमोर गुडघे टेकून बायकोला फसवल्याचं सांगेल, करात लबाडी केल्याचं सांगेल, पण बर्फात भोक कुठं पाडलंय ते सांगणार नाही. सख्ख्या भावाला सांगणार नाही. गळ ओढताना कुणी जवळून गेलं तर मासा बुटाखाली दाबून आभाळाकडे बघत बसेल.

आणि अशा या गावाची सगळी गुपितं एका बाईच्या हाताखालून जातात. लोक खडा टाकून बघायचेच.

"काय गं मेल्विना, लार्दिन्वा भावांचे मासे एवढे जाड कसे?"

"खातात म्हणून."

"काय खातात पण?"

"तू विचारतोस तसले प्रश्न खात नाहीत, एवढं नक्की."

संपला विषय. आजवर तिच्या तोंडून एक अक्षर गेलं नाही. ते काही ठरवून, शपथ घेऊन नव्हे. ती आहेच तशी. शाळेत असताना घरची, पणज्यांनी समुद्रापलीकडून आणलेली वालून भाषा बोलायला बंदी होती, मैदानात दोघं बोलताना सापडली की मास्तरीण त्यांना भिंतीशी उभं करायची आणि विचारायची, आणखी कोण बोलत होतं? मेल्विना सगळी सुट्टी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शेजारी उभा ऑर्व्हिल पाच मिनिटांत नावं सांगून खेळायला पळालेला असायचा. तिथंच ओळखायला हवं होतं त्याला, पण लहानपणीच्या गोष्टी माणूस मनावर घेत नाही.

या ऑर्व्हिलची जागा म्हणजे विटांची बोट. कुणाच्या तरी पणज्याच्या काळात विटा भरलेली शिडाची बोट खाडीत बुडाली, आणि नेमकी कुठं बुडाली ते ठाऊक असणारी माणसं एकेक करून मातीत गेली. उरला एक ऑर्व्हिल. त्याला त्याच्या बापानं मरताना सांगितलं: चर्चचा मनोरा अमक्या सायलोच्या, म्हणजे चाऱ्याच्या उंच कोठीच्या, आड गेला आणि डाव्या हाताला चीज फॅक्टरीची चिमणी कड्याला टेकली की थांब. त्या विटांच्या ढिगात पर्च मावत नाहीत एवढे. ऑर्व्हिलचा थाट काय वर्णावा! खोपट टाकायचा भलतीकडेच, धूर निघावा म्हणून शेगडी पेटवून ठेवायचा, आणि स्वतः पांढरी चादर पांघरून अर्धा मैल पलीकडे पालथा पडून गळ टाकायचा. निघताना भोकावर बर्फ सारवायचा. पोटच्या पोराला, वेनला, दाखवली नाही जागा. वेन तिशी ओलांडलेला, पहाटे उठून बापाच्या गाई पिळणारा, आणि बापाला दरवर्षी विचारायचा, पा, यंदा तरी नेशील का? बाप म्हणायचा, मी मरेन तेव्हा सांगेन.

मेल्विनाला मात्र पहिल्या बादलीपासून ठाऊक. तळाशी एक अळी असते, ती वाळूचे कण अंगाभोवती चिकटवून नळीसारखं घर बांधते. साऱ्या खाडीत ती घरं राखाडी. ऑर्व्हिलच्या माशांच्या पोटातली तेवढी लाल, विटेच्या चुऱ्याची. एकदा तो टेबलाशी उभा होता आणि त्यानंही ती पाहिली. त्याचा चेहरा पडला.

"मेल्विना," तो म्हणाला, "बघ हं."

"काय बघू? आतडी आहेत," ती म्हणाली आणि डब्यात टाकून मोकळी झाली.

त्या हिवाळ्यात खाडी नाताळाआधीच गोठली. जानेवारीत एका सकाळी वेन बादली घेऊन आला. गावातली पोरंटोरं तिला तांत म्हणतात, म्हणजे मावशी.

"तांत मेल्विना, आज जरा जास्त आहेत."

"लागले वाटतं."

"लागले."

तिनं पहिला मासा फाडला. लाल. दुसरा फाडला. लाल. वेन शेगडीशी हात शेकत उभा होता. तिनं मान वर केली नाही, पण तो बघतोय हे तिला कळलं.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

"आतडी," ती म्हणाली.

तो उगाच हसला आणि गेला. बापाच्या मागावर ताज्या बर्फात पाऊल टाकत गेला असणार, तिनं ओळखलं. बरं झालं, तिला वाटलं. पोराला द्यायची जागा बापानं दिली नाही, पोरानं घेतली. तिचं काय जातंय?

पण वेनच्या तोंडाला कडी नाही. आपल्या दोन दोस्तांना तो जागा दाखवून बसला. त्या दोघांनी आणखी कुणाला नेलं, आणि दोन आठवड्यांत विटांच्या बोटीवर खोपटांचं गाव वसलं. कुणी लाल खोपट, कुणी निळं, एकानं तर मांस भाजायची जाळी मांडली आणि रेडिओ लावला. ऑर्व्हिल एका सकाळी चादर घेऊन तिथं पोचला आणि उभाच राहिला म्हणतात. कुणीतरी त्याला बियरही देऊ केली.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव व्हँजीच्या बारमध्ये पर्च खायला जमतं. व्हँजी मेल्विनाची चुलतबहीण, आणि शुक्रवारी मेल्विना तिच्या स्वयंपाकघरात मासे पिठात घोळवून तळायला उभी असते. ताटं द्यायच्या खिडकीतून तिनं आधी ऑर्व्हिलचा आवाज ऐकला.

"माझी जागा विकली गेलीय! ऐका सगळे! बापाची जागा, आणि ती कुणी फोडली हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या माशांची पोटं या गावात एकाच माणसानं बघितलीत."

मेल्विना पिठानं भरलेले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"कुणाबद्दल बोलतोयस?"

"तुझ्याबद्दल बोलतोय."

"मी सांगितलं?"

"तू नाही तर माशांनी सांगितलं? बोल की! तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

वेन काउंटरशी बसला होता. मेल्विनानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ग्लास उचलला, ग्लासात पाहिलं, ग्लास खाली ठेवला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. एक नाव. एवढंच घ्यायचं होतं तिला. एक नाव घेतलं असतं तर ऑर्व्हिलचं तोंड जागच्या जागी बंद झालं असतं. पण ते नाव तिला कसं कळलं? वेनच्या बादलीतून. म्हणजे ज्या गोष्टीचा आळ घेतलाय तीच गोष्ट करून आळ पुसायचा. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं.

"मी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणी?"

ती आत निघून गेली. तेलात टाकलेले मासे करपले होते. ते तिनं काढले, फेकले, दुसरे टाकले, आणि व्हँजी काहीतरी बोलायला आली तेव्हा म्हणाली, "आत्ता नाही. आत्ता बोललीस तर हे तेल मी त्याच्या मांडीवर ओतीन."

दुसऱ्या सकाळी शेडसमोर एकही बादली नव्हती. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नव्हती. मेल्विनानं शेगडी पेटवली, चाकूला धार लावली, एप्रन बांधला आणि उभी राहिली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मागच्या सीटवर बादल्या दिसत होत्या, आणि गाडीतली माणसं अशी समोर बघत होती की शेड म्हणून काही त्या रस्त्यावर कधी नव्हतंच. घरोघर चमच्यांनी खवले काढणं सुरू झालं. एकानं अंगठ्याचं मांस उडवलं. लार्दिन्वांच्या घरात मासे सोलण्यावरून नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं. तरी कुणी आलं नाही. आणि मजा बघा, कुणीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण तिच्या जागी आपण असतो तर केव्हाच बोललो असतो हे ज्याला त्याला आतून ठाऊक होतं. हे मी म्हणत नाही, मेल्विना म्हणाली होती व्हँजीला, आणि खोटं काय त्यात?

पोटापाण्याचं ती निभावून नेत होती; नवऱ्याची पेन्शन होती, कोंबड्या होत्या. पण चर्चमध्ये तिच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं, जशी काही ती कान लावायला आलीय. उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती तिनं, की मेल्विनाच्या हाती दिलेलं मेल्विनापाशी राहतं. तेवढीच त्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यानं बारमध्ये उभं राहून धुळीला मिळवली.

अखेर तिच्यानं राहवेना. ती लांपेररांच्या गोठ्यावर गेली. वेन गाईंना यंत्र लावत होता.

"तू सांग," ती म्हणाली.

"तांत..."

"तांत-बिंत काही नाही. तुझ्या बापाला सांग. आजच."

"मला नाही जमायचं. पा वसंतात शेत माझ्या नावावर करतोय. त्याला हे कळलं ना, तर तो ते चर्चला देऊन टाकील, पण मला देणार नाही. तू ओळखतेस त्याला."

"ओळखते. तुलाही ओळखायला लागलेय आता."

"थोडे दिवस गप्प बस. लोक विसरतात."

"लोक विसरतात!" मेल्विनाचा आवाज असा चढला की गाईंनी माना वळवल्या. "मी शेडमध्ये एकटी उभी असते रे, वेन. रोज उभी असते. लोक मला चहाडखोर समजतात, आणि तू मला गप्प बस म्हणून शिकवतोस? मला? गप्प बसणं मला शिकवतोस तू?"

वेन रडायच्या बेताला आला होता. एवढा थोराड बाप्या. "तू सांगणार त्याला?"

"मी नाही सांगणार. ते तुझ्यासाठी नाही, बरं का. तुझ्यासाठी तर मी उठून दिवासुद्धा लावणार नाही. मला सांगता येत नाही म्हणून सांगत नाही. पण तू सांगितलं नाहीस ना, तर आरशात बघताना थुंक स्वतःवर."

त्यानं सांगितलं नाही. अर्थातच नाही सांगितलं.

सांगितलं ते वेनच्या दोस्तानं, तेही चुकून. फेब्रुवारीच्या शेवटी पेंडीच्या गिरणीत तो ऑर्व्हिलला भेटला आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तुमच्या वेनचे उपकार हं! त्यानं नेलं नसतं तर आम्ही जन्मभर चिखलावर बसलो असतो." ऑर्व्हिलनं पेंडीचं पोतं तिथंच टाकलं आणि घरी गेला. घरात काय झालं ते कुणी ऐकलं नाही.

तीन दिवसांनी तो मेल्विनाच्या शेडच्या दारात उभा, हातात बादली. टोपी काढली नव्हती.

"येऊ का?"

"दार उघडं आहे."

"मला कळलं," तो म्हणाला. "वेन होता."

मेल्विना चाकू पुसत राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस? सगळा हिवाळा मला मूर्ख बनवलंस! बारमध्ये बोंबललो मी गाढवासारखा, आणि तुला ठाऊक होतं!"

ऐकलंत? ती का बोलली नाही म्हणून हा माणूस तिच्यावर चिडला. मेल्विनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं चाकू टेबलावर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ऑर्व्हिल, तू जिथं उभा राहून माझ्यावर आळ घेतलास तिथं उभा राहा. शुक्रवारी, बार भरलेला असताना. आणि म्हण की तू चुकलास. वेनचं नाव घेऊ नकोस हवं तर. फक्त म्हण, मेल्विनानं सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो."

"आता झालं गेलं..."

"झालेलं नाही. माझं चालूच आहे."

त्यानं टोपी काढली, आत बघितली, पुन्हा घातली. "बरं. म्हणतो."

"शुक्रवारी."

"शुक्रवारी म्हणतो, म्हटलं ना!"

बादली तिथंच खाली ठेवून तो दाराकडे वळला. मेल्विनाचं एवढ्या दिवसांचं ओझं उतरायला आलं होतं. तिनं खरवडणी हातात घेतली. तेवढ्यात तो थांबला. दार अर्धं लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आता माझी जागा तर गेली. बाजार भरलाय तिथं. तर म्हटलं... ते लार्दिन्वा भाऊ. त्यांचे मासे गाबोळीनं असे तट्ट फुगलेले असतात. काय निघतं गं त्यांच्या पोटात?"

मेल्विनाला क्षणभर कळलंच नाही तो काय विचारतोय. आणि मग कळलं.

"बाहेर हो."

"अगं, नुसतं विचारतोय..."

"बाहेर हो, ऑर्व्हिल! आत्ता! बादली घे तुझी!" तिनं बादलीला लाथ मारली. पर्च दारातून बाहेर घसरत बर्फावर गेले आणि शेजारची मांजरं धावली. ऑर्व्हिल वाकून मासे गोळा करत होता आणि ती दारात उभी राहून त्याला वालूनमध्ये शिव्या देत होती, ज्या शाळेत शिकवत नाहीत.

तरी शुक्रवारी ती गेली. चांगला कोट घालून गेली, स्वयंपाकघरात नाही, बाहेर टेबलावर बसली. माणूस किती आशेनं जगतो बघा. बार गच्च होता. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झालेले, मांस कुणी खात नाही, सगळ्यांसमोर पर्च, राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर. वेन काउंटरशी, आपल्या नेहमीच्या जागी.

ऑर्व्हिल उठला. ब्रँडीचा ग्लास हातात.

"मला मेल्विनाबद्दल दोन शब्द बोलायचेत," तो म्हणाला. "मी इथं तिच्यावर आळ घेतला होता. आठवतं ना? तर मित्रहो, ती परीक्षा होती. मला बघायचं होतं, या बाईवर एवढा दबाव आला तर ती तोंड उघडते का. आणि परवा मी मुद्दाम तिच्या शेडवर गेलो, लार्दिन्वांची जागा विचारली. रीतसर विचारली! तिनं काय केलं ठाऊक आहे? माझी बादली लाथाडली! मासे मांजरांना!"

बार हसून कोसळला. लार्दिन्वा भाऊ टेबलावर मुठी आपटत होते.

"अशी बाई आहे ही! मेल्विनाच्या नावानं!" ऑर्व्हिलनं ग्लास उंच केला.

सगळे उठले. टाळ्या, शिट्ट्या. कुणी तिच्यासमोर ब्रँडी आणून ठेवली, कुणी पाठीवर थोपटलं. लार्दिन्वांतल्या थोरल्यानं तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मी कधी शंका घेतली नव्हती हं." थोबाडीत द्यावीशी वाटली तिला त्याच्या. उभा हिवाळा शेडच्या दारावरून गाडी हाकत गेलेला हा माणूस.

परीक्षा. त्यानं तिची परीक्षा घेतली म्हणे. पोरगं लपवलं, स्वतःला लपवलं, वर मोठेपणा घेतला, आणि तिचं नाव तिला बक्षीस म्हणून परत दिलं, जसं काही ते त्याच्या खिशातलं होतं. मेल्विनानं वेनकडे पाहिलं. तोही टाळ्या वाजवत होता. ग्लास खाली ठेवून, दोन्ही हातांनी.

ती उठली. लोकांना वाटलं, आभार मानणार. ऑर्व्हिलच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं सुकलं, कारण त्याला ठाऊक होतं तिच्या तोंडात काय आहे. आत्ता बोलली असती तर बाप-लेक दोघं एकाच वाक्यात उघडे पडले असते. सगळं गाव कान देऊन बसलं होतं, ती बोलत नाही म्हणून जिचं कौतुक चाललं होतं तिचंच बोलणं ऐकायला.

"ऑर्व्हिल," ती म्हणाली, "आजपासून तुझे मासे तू सोलायचे."

परत हशा. "शिक्षा! शिक्षा मिळाली!" कुणी ओरडलं. ऑर्व्हिलही हसला, सगळ्यांत मोठ्यांदा. मेल्विना कोट सावरून बाहेर पडली. व्हँजी मागून धावत आली, "अगं, झालं ना मनासारखं? का जातेस?"

"माझं डोकं फुटेल आत," मेल्विना म्हणाली.

दुसऱ्या सकाळी शेडसमोर बादल्यांची रांग होती. दारापासून रस्त्यापर्यंत. वर झाकणं, झाकणांवर बर्फ, एकीवर कुणाच्या बायकोनं सुक्या आलुबुखारांचा केक फडक्यात बांधून ठेवलेला. ऑर्व्हिलचीही बादली होती, सगळ्यांत पुढे. मेल्विनानं ती उचलली, चालत त्याच्या घरी नेली, पायरीवर ठेवली आणि परत आली. मग शेडमध्ये शिरली, दार लावून घेतलं, आतून कडी घातली.

रेडिओ लावला. आवाज पूर्ण वाढवला, अगदी ॲकॉर्डियननं पत्रे थरथरतील एवढा. आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती ओरडली.

"वेन होता! वेननं दाखवली जागा! बापाला ठाऊक आहे! दोघांनाही ठाऊक आहे, हलकटांनो, दोघांनाही ठाऊक आहे! मी नव्हते! मी कधीच नव्हते!"

घसा फाटेस्तोवर ओरडली. शेगडीला सांगितलं, भिंतीला सांगितलं, कोंबड्यांच्या डब्याला सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते रागाचं होतं, दुसरं कसलंही नव्हतं. मग तिनं बाहीनं तोंड पुसलं, रेडिओ बारीक केला आणि दार उघडलं.

बाहेर वेन उभा होता, बादली घेऊन. केव्हापासून उभा होता कोण जाणे. चेहरा पांढराफटक.

"तांत मेल्विना," तो म्हणाला, "माझे घेशील ना?"

मेल्विनानं त्याच्या मागची रांग पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुझ्या बापाकडे ने," ती म्हणाली. "त्यालाही आजपासून सोलायचेत. बसा दोघं समोरासमोर, आणि फाडा पोटं."

तिनं पुढची बादली उचलली आणि आत घेतली.